पाणी जागं करणारा माणूस

आमचे घरमालक पाणी पिण्याआधी पेल्यात दोन बोटं बुडवून ते ढवळत. पेला स्वतःच्या घरचा असो की परक्याच्या. अंघोळीच्या बादलीवर आधी तळहात आपटत, मग तांब्या बुडवत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेला माणूस हा प्रकार पाहून हळूच आपला पेला पलीकडे सरकवी. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "बाई, तुमी मनावर घेऊ नका. त्याहिले झोपलेलं पाणी चालत नाई."

मालकांना विचारलं तर तेही तेवढंच सांगत. "झोपलेलं पाणी खोटं बोलते, बाई. त्याले जागं करून घ्या लागते."

त्यांना जाऊन आता महिना होत आला. घाटावर जमलेली माणसं त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी सांगत होती आणि अशा जागी हसावं तसं दबून हसत होती. मीही हसले. पण परत येताना वाटलं, या माणसाचा मला जो अभिमान वाटतो त्याचं कारण या गोष्टींत कुठेच आलं नाही. ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचे वडील आबा व काकू गेल्यानंतर आता बहुधा मलाच. म्हणून लिहायला बसले आहे. माझं लिहिणं सावकाशीचं. ग्रंथपालाची नोकरी करणाऱ्याला दुसऱ्यांची पुस्तकं नीट लावायची सवय असते, स्वतःचं लिहायची नसते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मला नागपुरात सीताबर्डीच्या एका वाचनालयात काम मिळालं आणि मी खोली शोधू लागले. एकट्या बाईला खोली म्हटल्यावर लोक आधी बापाचं नाव विचारत, मग लग्नाचं. शुक्रवारी नावाच्या तलावाजवळच्या या घराचा पत्ता कोणीतरी दिला. मालकांनी पाचला बोलावलं होतं, मी साडेचारलाच पोचले. दार उघडं होतं, मालक आत समोरच बसलेले दिसत होते, पण त्यांनी मला आत बोलावलं नाही. ओट्यावर बसवून ठेवलं. मध्येच काकूंनी खिडकीच्या गजांतून चहाची कपबशी बाहेर दिली. पाचचे टोले पडल्यावर मालक बाहेर आले आणि जणू आत्ताच पाहिल्यासारखं म्हणाले, "या बाई, या."

बापाचं नाव नाही, लग्न नाही. त्यांनी एकच विचारलं, "तुमी कामावर वेळेवर जाता का वेळेआधी?"

मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, "वेळेआधीच जाते."

"काहून?"

का, ते सांगताना मी किल्ल्यांचं काहीतरी बोलत राहिले. खोली मात्र मिळाली.

वेळेआधी केलेल्या कामाचा त्यांना मनापासून राग होता. उशिरा येणाऱ्याला ते क्षमा करत, लवकर येणाऱ्याला नाही. काकूंनी सकाळीच रात्रीची कणीक मळून ठेवली की धुसफुसत. आपल्याकडे कुणीही सहज म्हणतं, "एकदाचं आटोपून मोकळं व्हावं." हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "मोकळं व्हायचीच घाई असन," ते म्हणत, "तर काम हातातच नाई घ्यावं. आधीच मोकळे राहावं."

इतवारीत त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, दुकानाच्या पाटीवरही ते नव्हतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: विमानबुडवे. इतवारी म्हणजे उधारीचा बाजार. तिथे 'बुडवे' हे नाव आपणहून कपाळावर लावून धंदा करायला छाती लागते. आजूबाजूचे व्यापारी त्यांना सोडत नसत. समोरचा कापडवाला रोज दुकान उघडताना ओरडे, "काय विमानबुडवे, आज काय बुडवता?"

"तुमी बोहनीले या, मंग सांगतो," मालक तराजू पुसत म्हणत.

हातगाड्यांच्या गर्दीत उभी राहून मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे नाव कशाला लावता. ते म्हणाले, "लोक पाठीमागं म्हणत होते. म्हटलं, पुढंच म्हना. पाठीमागं मानूस जास्तीचं बोलते."

हे नाव मुळात त्यांच्या वडिलांचं होतं. त्यांना सगळे आबा म्हणत. मी राहायला गेले तेव्हा आबा ऐंशीच्या आसपास असतील. पुढच्या खोलीत खाटेवर बसून असत. घराच्या मागच्या खिडकीतून सगळा तलाव दिसे, पण आबांना त्या खिडकीशी मी कधी पाहिलं नाही. त्यांची खाट अशी मांडलेली होती की तलाव पाठीला येई. कोणी बोललं तर उत्तर देत, आपणहून बोलत नसत. पितरांच्या दिवसांत घरचं पान वाढलं की आबा एक पान जास्तीचं मांडायला लावत. ते कोणासाठी, हे काकूंनीही कधी विचारलं नाही.

मालकांनी मला सारी हकीकत सांगितली ती माझ्याच एका चुकीमुळे. एका रविवारी आम्ही अंगणात बसलो होतो, आणि मी पुस्तकांना कव्हरं घालताना म्हणून गेले, "एवढी घातली की मोकळी झाले." म्हटलं आणि जीभ चावली. मालक रागावले नाहीत. शेजारच्या बादलीत त्यांनी हात घातला, पाणी हलवलं आणि म्हणाले, "मोकळं होनं काय असते ते सांगतो. बसा."

आबा मूळचे कन्हान नदीवरचे नावाडी. कामठीच्या छावणीतल्या एका साहेबाला त्यांचं काम आवडलं आणि तो त्यांना आपल्याबरोबर उत्तरेकडच्या एका संस्थानात घेऊन गेला. ते दिवस इंग्रजांचे होते. विलायतेहून कलकत्त्याला टपाल आणि उतारू नेणारी मोठी विमानं त्या काळी जमिनीवर न उतरता तलावांवर उतरत. त्यांना चाकं नसत, पोट नावेसारखं असे. त्या संस्थानातल्या तलावावर आबा मोटार-लाँच चालवू लागले. मालक तेव्हा विशीतले, धक्क्यावर दोर फेकण्याच्या कामाला होते.

"लाँचचं काम काय, ठाऊक हाय?" मालक म्हणाले. "लोकाहिले वाटे, उतारू आनायचं. ते तर नंतर. पहिलं काम, पाणी जागं करनं."

तलाव अगदी निश्चल असला की तो आरसा होतो. वर आभाळ, खाली तेच आभाळ. वरून येणाऱ्या वैमानिकाला पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. म्हणून विमान उतरायच्या थोडं आधी लाँच त्या जागेवरून फिरवून लाटा उठवायच्या. लाटा दिसल्या की पाणी दिसतं.

पण तिथल्या मुख्य साहेबाची एक हौस होती. विमान टेकताना लाँच धक्क्याला लागलेली असावी, तिचं पितळ चकचकीत असावं, फळ्या कोरड्या असाव्यात आणि माणसं पांढऱ्या कपड्यांत रांगेत उभी असावीत. विमानातून मोठमोठी माणसं येत, त्यांना हे दिसावं. आता लाँच ऐन वेळी फिरवली तर ती ओली होऊन, माणसं भिजून, विमानाच्या मागून धक्क्याला येणार. मग हळूहळू अशी रीत पडली की लाँच जरा आधीच फिरवून आणायची, पुसून घ्यायची आणि मोकळं व्हायचं. असं करा म्हणून साहेबाने कधी सांगितलं नाही, आणि करू नका असंही म्हटलं नाही. एरवी वारा असे, पाणी आपोआप हललेलं राही, म्हणून काही बिघडलं नाही.

"त्या दिवशी वारा नव्हता," मालक म्हणाले. "आमी लाँच फिरवून आलो. पितळ घासलं. पांढरे कपडे घालून उभे राहिलो. माह्यासमोर पाणी हळूहळू झोपून राहिलं होतं, बाई. मले दिसत होतं. पन मले वाटलं, आपलं तर काम झालं."

विमान आलं. वैमानिकाला वाटलं पाणी अजून खाली आहे. विमानाचं नाक पाण्यात घुसलं आणि ते मधोमध मोडलं. काही माणसं गेली, काही वाचली.

पुढे चौकशी झाली. आबांना एकच प्रश्न विचारला गेला, लाँच कधी फिरवली. आबांनी खरं ते सांगितलं, "लवकर फिरवली, साहेब." साहेबाच्या हौसेबद्दल साहेब बोलला नाही, आबाही बोलले नाहीत. नोकरी गेली. गावी परत आले तर बातमी त्यांच्या आधीच पोचलेली. जातवाल्यांनी नाव ठेवलं, विमानबुडवे. त्यानंतर आबांनी वल्ह्याला हात लावला नाही. मालक नागपुरात आले, इतवारीत हातगाडी ओढली, मग भांड्यांच्या धंद्यात शिरले आणि हे घर घेतलं.

"घर तलावाजवळच का घेतलं?" मी विचारलं.

"आबा कवा तरी तोंड फिरवतीन म्हनून," ते म्हणाले.

मागाहून मला कळत गेलं की आबांच्या बाबतीत जगात दोनच मतं होती. गाव म्हणे, सगळी चूक यांची. घरचे, काकू, सोयरे म्हणत, यांची चूक मुळीच नाही, गोऱ्यांनी गरिबाच्या गळ्यात मारली. आबा या दोन्हींवर गप्प राहत. मालकांना दोन्ही मान्य नव्हती. त्यांच्या दुकानात पितळ वजनावर विकलं जाई, आणि त्यांचं डोकंही तसंच चाले. "पारड्यात काई न टाकता कोनी म्हनते जड, कोनी म्हनते हलकं," ते म्हणत. "ज्याले या कामातलं समजते अशा मानसानं एकदा वजन करावं. आबाचा वाटा जेवढा हाय तेवढा त्याहिले द्यावा. जास्त नाई, कमी बी नाई. बिना वजनाचं घेऊन बसले हायेत ते."

आबा त्या हिवाळ्यात फार थकले होते. डॉक्टरांनी औषध बदलायचंही सोडून दिलं होतं. मालक बोलून दाखवत नसत, पण त्यांना कशाची भीती वाटते ते घरात सगळ्यांना दिसत होतं. आबा तसेच, पाठ करूनच जातील, ही.

आमच्या वाचनालयात सिव्हिल लाइन्समध्ये राहणारे एक निवृत्त वैमानिक येत. उंच, लंगडत चालणारे, हिंदी बोलणारे गृहस्थ. त्यांनी एकदा समुद्रावरचं एक पुस्तक परत करताना सांगितलं की महायुद्धात आपण पाण्यावर उतरणारी विमानं चालवली आहेत. मी घरी येऊन मालकांना हे सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

त्यावर घरात वाद झाला. काकू म्हणाल्या, "काहून जुनी खपली काढता? तो साहेब म्हनला की यायचीच चूक, तर काय कराल? आता हाय तेवढे दिवस सुखानं जाऊ द्या."

मला काकूंचं पटलं. मी मालकांना सुचवलं, मी त्या गृहस्थांना आधी सगळं समजावून सांगते. ते भले आहेत. म्हणतील आबांना, तुमची काही चूक नव्हती.

मालकांनी ताट बाजूला सारलं. "बाई, तुमी पुस्तकं सांभाळता," ते म्हणाले. "एखाद्या पुस्तकातलं नको ते पान फाडून वाचाले देता का?"

"नाही."

"मंग. साहेबाले सांगा, खोटं बोलाचं नाई. आबाले खोटं लगेच समजते. तीस वर्सं घरच्याहिचं खोटं ऐकून राहिले ते."

आपल्या बापाबद्दल वाईट ऐकायची अशी तयारी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तो निवाडा उलट गेला असता तर आबांचं उरलेलं आयुष्य आणि मालकांचं स्वतःचं, दोन्ही त्याखाली गेली असती. ते त्यांना चांगलं माहीत होतं.

वैमानिकांना पाचची वेळ दिली. त्या दिवशी मालक दुपारीच दुकानातून परतले, धोतर बदललं आणि दाराशी येऊन उभे राहिले. काकूंनी आतून विचारलं, "अवो, आज काहून घाई करून राहिले?" ते रस्त्याकडे पाहत राहिले.

पाहुणे आले, आबांच्या खाटेसमोर खुर्चीवर बसले. चहा झाला. मग ते आबांना विचारू लागले. हवा कशी होती? सूर्य कुठल्या बाजूला होता? लाँच कशी फिरवली, सरळ की आडवी? आबा एकेक उत्तर देत होते, आपल्या बोलीत, पण अडखळत नव्हते. इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मालक दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

सगळं ऐकल्यावर पाहुण्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणाले, "बाबा, आप जल्दी कर गए. गलती आपकी थी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मालक हलले नाहीत.

"पायलट की भी थी," पाहुणे पुढे म्हणाले. "पानी नज़र नहीं आ रहा था तो उसे एक चक्कर और लगाना था. मैं होता तो लगाता. और उस साहब की भी थी, जिसे सूखी लाँच चाहिए थी. लेकिन थोड़ी आपकी भी थी."

आबांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "थोडी माही होती."

तो शब्द त्यांनी असा उच्चारला की मी लिहून दाखवू शकत नाही. इतकी वर्षं एकतर सगळी चूक पदरात पडत होती, नाहीतर मुळीच नाही. 'थोडी' आज पहिल्यांदा मिळाली होती.

पाहुण्यांनी मग विचारलं, "टूटने के बाद आपने क्या किया?"

आबांनी मालकांकडे पाहिलं. हे त्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं. चौकशीतही नाही.

"लाँच घेऊन गेलो," आबा म्हणाले.

"इंजन चालू रखके?"

"नाई. पाण्यावर तेलाचा वास होता. दुरूनच बंद केलं. मंग बांबू मारत गेलो."

पाहुणे पुढे झुकले. "लोगों को किधर से चढ़ाया?"

"मांगून. बाजूनं चढवले असते तं लाँच कलंडली असती. सारे एकाच कडेले लटकत होते."

"आप अकेले?"

"ह्यो होता," आबांनी मालकांकडे बोट केलं. "ह्यानं पाण्यात उडी घेतली होती. खालून ढकलून राहिला होता एकेकाले."

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली होती, पण त्यात हे नव्हतं. ते मान खाली घालून चौकटीच्या लाकडावर बोट फिरवत होते.

पाहुणे म्हणाले, "इंजन चालू रहता तो आग लगती. फिर कोई नहीं बचता, आप दोनों भी नहीं." एवढं बोलून ते उठले. कौतुकाचा आणखी एक शब्दही त्यांनी काढला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच आबांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

ते निघत होते तोच आबा म्हणाले, "साहेब, पाण्यावर बसता का माह्यासंगं?"

"आप चलाएँगे?"

"दुसरा कोन चालवन?"

आबांना तलावापर्यंत आणायला वेळ लागला. एका बाजूने मालक, एका बाजूने मी. मासेमारीचा एक डोंगा काठाला होता. डोंगेवाला, एक तरणा माणूस, आबांकडे पाहून मालकांच्या कानाशी लागला, "म्हाताऱ्याच्यानं होईन का हे?"

"त्याहिलेच विचार," मालक म्हणाले.

त्याने विचारलं नाही. आबांनी वल्हं हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं आणि दुसरं मागितलं, तेव्हाच तो बाजूला झाला. पाहुण्यांना त्यांनी नेमकं कुठे बसायचं ते हाताने दाखवलं. आपण मागे बसले. डोंगा काठ सोडून हळूहळू आत गेला. सुरुवातीला तो जरा वाकडा चालला, मग सरळ झाला.

मी मालकांना म्हटलं, "तुम्ही का बसला नाहीत?"

"त्याहिचा डोंगा हाय," ते म्हणाले. "मी पाहून राहिलो."

संध्याकाळची वेळ, काठाच्या भिंतीवर बरीच माणसं बसलेली. शेंगा विकणारा, फिरायला आलेली दोनचार कुटुंबं, पत्ते खेळणारे. इतका वयस्क माणूस डोंगा वल्हवताना पाहून एकेक जण उठून उभा राहू लागला. शेंगावाल्याने टोपली खाली ठेवली आणि मालकांना विचारलं, "कोन होय गा तो म्हातारा?"

मालकांना हळू बोलायची सवय होती. त्या वेळी मात्र ते भिंतीवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"बाप होय माहा."